तीन नंबरची लाइन

९ डिसेंबर १९८७, पूर्णा

आज दुपारी पूर्णेला पोचलो. प्रवास छान झाला. परभणीपासून खिडकीजवळ जागा मिळाली. दोन्ही बाजूंना कापसाची रानं पांढरी झाली होती, ती बघत आलो. स्टेशनवरच्या चहावाल्यानं मी नवीन आहे हे ओळखलं आणि दुसरा कप आपणहून भरून दिला. म्हणाला, पूर्णेत पहिल्यांदा आलेल्या माणसानं एका चहावर जाऊ नये, नाहीतर त्याची बदली होते. मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, असं मग लक्षात आलं.

खोली चांगली मिळाली. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डच्या घरावरची खोली आहे. खिडकीतून रूळ दिसतात, त्यांच्या पलीकडे आबासाहेब नावाच्या शेठची जिनिंग-प्रेसिंगची गिरणी दिसते. तिथंच मला काम करायचं आहे. घरमालकीण पार्वतीबाईंनी तिखटमीठ लावलेल्या पेरूच्या फोडी वर पाठवल्या. मी लिंगायत आहे हे कळल्यावर मागच्या अंगणातलं बेलाचं झाड दाखवलं आणि पूजेसाठी हवी तितकी पानं घ्या म्हणाल्या.

उदगीरला वैशाखात महानंदा गेली. माझी बायको. तेव्हापासून घरात रोज कोणीतरी येऊन बसायचं, सुस्कारा टाकायचं आणि जायचं. मला बोलता येत नाही, त्यामुळे त्यांना वाटायचं मला काही झालंच नाही. इथं कोणाला काही माहीत नाही. हलकं वाटतं. बोलायची सवय नाही म्हणून ही वही घेतली आहे.

१० डिसेंबर

कामाची जागा पाहून आलो. जिनिंगमध्ये हंगाम जोरात आहे. फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या उभ्या आहेत. आत रेच्यांवर, म्हणजे जिनिंगच्या यंत्रांवर, कापसातली सरकी वेगळी होते, रुई पुढं जाते, प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. रुई ठेवायला चार शेड आहेत. प्रत्येक शेडच्या छताला आमच्या कंपनीचे धूर ओळखणारे डिटेक्टर लावले आहेत. धूर आला की फाटकाजवळच्या बोर्डावर त्या शेडचा दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. कंपनी औरंगाबादची, मालक भगवानराव. हंगामभर इथं कंपनीचा एक मेकॅनिक राहिलाच पाहिजे, अशी कारखाना निरीक्षकांनी अट घातली आहे, म्हणून मी आलो.

अट घालायचं कारण गिरणीचे मॅनेजर दिनकरराव यांनीच सांगितलं. गेल्या हंगामात भोंगा उठसूट वाजायचा. परभणीहून आगीचा बंब धावत यायचा आणि चहा पिऊन परत जायचा. शेवटी बंबवाल्यांनी लेखी कळवलं की आता आम्ही येणार नाही. तेव्हा नवा करार झाला. त्यातलं एक कलम मी पाठच केलं आहे. इशारा झाला की मेकॅनिकनं स्वतः जागेवर जायचं, कारण शोधायचं, ते लिहून सही करायची. कारण सापडेपर्यंत खोटा इशारा असा शेरा मारायचा नाही आणि ती लाइन तोडायची नाही. खोटे इशारे थांबवायची जबाबदारी कंपनीची. मला हे कलम आवडलं. त्यात कुठंही पळवाट नाही.

दिनकरराव बोलके आहेत. मी दोन शब्दांत उत्तर देतो म्हणून ते म्हणाले, भोंगा सारखा ओरडतो आणि मेकॅनिक मुका, जोडी चांगली जमवली कंपनीनं.

११ डिसेंबर

आज शेड बघितल्या आणि चकित झालो. एक, दोन आणि चार नंबरमधल्या प्रत्येक डिटेक्टरवर चिंधी बांधलेली होती. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या, गच्च गाठ मारून. रुई वाहणाऱ्या बायकांची मुकादम बायनाबाई म्हणून आहे, पन्नाशीची, काळी, उंच. तिला विचारलं. ती सहज म्हणाली की भोंगा फार वाजू लागला तेव्हापासून डबड्याला मुसकं बांधायचं, ही इथली रीत आहे. रुईची धूळ त्याच्या नाकात गेली की ते बोंबलतं, भोंगा झाला की रेचे थांबतात, रेचे थांबले की बायकांची खाडी पडते, तेवढी मजुरी कापतात. खळ्यावर बैलानं तोंड घालू नये म्हणून मुसकं बांधतात, तसंच हे. आधीच्या मेकॅनिकनंच शिकवलं म्हणे.

मी शिडी लावून सगळी मुसकी सोडली. बायका खालून बघत होत्या. मनकर्णा नावाची एक तरुण बाई म्हणाली की मुका साहेब आता आमचं तोंडही बांधील. सगळ्या हसल्या. मी सांगितलं की रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी मी प्रत्येक डिटेक्टर ब्रशनं साफ करीन. धुळीनं भोंगा वाजला तर तो माझा दोष, तुमची खाडी पडू देणार नाही. आणि भोंगा वाजला की कारण न विचारता टोपली टाकायची आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली जायचं.

तीन नंबरमध्ये मुसकं नव्हतं. ती शेड नवी चुना मारलेली आहे. जमिनीचा मधला भाग नव्या सिमेंटचा आहे. सुटी रुई छातीइतकी रचलेली. आत गारवा आहे. तरी बायका जेवायला उन्हात, भिंतीच्या पातळ सावलीत बसतात.

१४ डिसेंबर

तीन दिवस एकही इशारा नव्हता. आज दुपारच्या सुट्टीत भोंगा वाजला. बोर्डावर तीन नंबर.

धावत गेलो. धूर नाही, वास नाही, रुई थंड. वर पाहिलं तर डिटेक्टरवर मुसकं. हिरव्या लुगड्याची पट्टी, काठ पिवळा. सकाळी साफ केला तेव्हा नव्हतं. सोडताना गाठ ओली लागली.

कोणीतरी चेष्टा केली असणार. पण तोंड बांधलेला डिटेक्टर इशारा देत नाही. तेवढ्यासाठीच तर बांधतात. कारणाच्या जागी लिहिलं: तपास चालू.

१७ डिसेंबर

रोज होतं आहे. रोज दुपारच्या सुट्टीत, तीन नंबर. रोज तशीच एक हिरवी पट्टी. डिटेक्टर बदलला, वायर बदलली, बॅटरी बदलली. काल शेडला माझं कुलूप लावलं आणि दारात खुर्ची टाकून बसलो. समोर सगळ्या बायका भाकरी खात होत्या, सगळ्या मला दिसत होत्या. भोंगा वाजला. कुलूप काढून आत गेलो. मुसकं होतं.

गाडीवाले शेतकरी वैतागले आहेत. रांग हलत नाही. एका म्हाताऱ्यानं विचारलं की तुमच्या भोंग्याला रोज भाकरीच्या वेळेलाच भूक लागते काय. त्याचा राग मला आला नाही. त्याचे बैल दोन दिवस जुवाखाली आहेत.

दिनकरराव म्हणाले, धूळ असं लिहा, खोटा इशारा असा शेरा मारा आणि लाइन तोडा. तीन नंबरमध्ये आता बायकांना जेवायला बसवायचं आहे, उन्हात बसतात ते निरीक्षकांना बरं दिसत नाही. मी विचारलं, लाइन तोडून? ते म्हणाले, बायका काय, सरकी काय, खाली पडलेली कितीही मिळते.

मी सही केली नाही.

१९ डिसेंबर

आज पट्टी बायनाबाईला दाखवली. तिनं हातात घेतली नाही. मागं सरकली आणि भिंतीला टेकली. मग जे सांगितलं ते लिहून ठेवतो.

गेल्या फाल्गुनात, दुपारच्या सुट्टीत, तीन नंबरमधल्या रुईवर तिघीजणी निजल्या होत्या. कडूबाई, मालनबाई आणि मालनबाईची सून सुंदरा. सुंदराला दिवस गेले होते, तिला ऊन सोसत नव्हतं, म्हणून सासूनं आत नेलं. रुई एकदम पेटते. ज्वाळा वरून सरकत जाते, पाण्यासारखी. डिटेक्टरला मुसकं होतं. भोंगा वाजलाच नाही. गिरणीनं सांगितलं की बायका आत विडी ओढत होत्या. सुंदरा विडी ओढत नव्हती.

त्या दिवशीचं मुसकं बायनाबाईनं बांधलं होतं. स्वतःचं हिरवं लुगडं फाडून. तिला तसं सांगितलं गेलं होतं.

मी म्हणालो, उरलेलं लुगडं कोणाकडे आहे, त्याच्याकडून ह्या पट्ट्या येत असतील.

ती म्हणाली, "सायेब, उरलेल्या लुगड्यात त्या तिघींचं जे हाती लागलं ते बांधून नेलं. जळालं की ते. नदीवर, माझ्या डोळ्यांदेखत."

मग म्हणाली, "ते भोंगं खोटं न्हाई. वाजवायलेत त्या."

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण माझ्या खोलीत ट्रंकेत आता पट्ट्यांचा गठ्ठा आहे. त्या जोडून पाहिल्या. फाटलेल्या कडा एकमेकींना जुळतात.

२२ डिसेंबर

भगवानराव औरंगाबादहून आले. जाडजूड, गोड बोलणारे. माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी समजावलं. खोटे इशारे थांबवणं ही कायद्यानं आपल्यावर आलेली जबाबदारी आहे, ती टाळून चालणार नाही. लाइन तोडली की इशारा नाही. इशारा नाही म्हणजे खोटा इशाराही नाही. जबाबदारी पार पडली. कारणाच्या जागी धूळ लिही, नाहीतर बायकांचा खोडसाळपणा लिही, काहीही लिही.

मी सहसा वरिष्ठांशी वाद घालत नाही. आज घातला. म्हणालो, "कारण सापडलेलं नाही. ते सापडेपर्यंत मी खोटा म्हणणार नाही, आणि लाइनला हातही लावू देणार नाही."

दिनकरराव हसले आणि म्हणाले, मुका बोलला की.

त्यांना हे माहीत नाही. महानंदाच्या पोटात दुखत होतं तेव्हा मी तिला दवाखान्यात नेलं. वारा धरलाय म्हणाले, परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. डॉक्टर नर्सला म्हणाला की ह्या बाईला ओरडायची सवय आहे, खोटं दुखणं आहे. मी त्याच्याशी भांडलो. शिपायानं मला बाहेर काढलं. आत ती ओरडत होती. मग गप्प झाली. आतडं फुटलं होतं. गप्प झाली तेव्हा नर्स म्हणाली, बघा, थांबलं की नाही.

कोणी ओरडलं तर ते खोटं आहे असं मी लिहून देणार नाही. मग आत कोणीही असो.

२६ डिसेंबर

तीन नंबरचा डिटेक्टर काढून घेतला. वायरीची टोकं उघडी ठेवली. आता इशारा येऊच शकत नाही.

दुपारच्या सुट्टीत भोंगा वाजला. तीन नंबर. पट्टी उघड्या वायरींना बांधलेली होती.

गंमत अशी की मला भीती वाटायच्या आधी राग आला. तसाच उभा राहून मोठ्यानं म्हणालो, मी ऐकलं आहे. कळलं आहे. काय हवंय ते सांगा. शेडमध्ये मी एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोललो. रुईचे कण उन्हाच्या पट्ट्यात तरंगत होते. ते खाली येत नव्हते. माझा आवाज थांबला तसे तेही थांबले, हवेतच.

डिटेक्टर परत बसवला.

३० डिसेंबर

रुईत तीन खळगे आहेत. माणूस कुशीवर निजून उठल्यावर गादीवर राहतात तसे. मी फावड्यानं रुई सारखी केली. दुपारी पुन्हा होते. मधल्या खळग्यात पोटाच्या जागी आणखी एक लहान गोल खळगा.

हात लावला. ऊबदार.

मनकर्णानं आज मला हुरडा आणून दिला. म्हणाली की मुक्या सायबाचं तोंड वाळायलंय, खात जा. बायका आता माझ्या बाजूनं आहेत. भोंगा झाला की टोपल्या टाकून लिंबाखाली जातात, दिनकरराव किती ओरडले तरी. बायनाबाई सगळ्यात शेवटी निघते, मागं कोणी राहिलं नाही ना बघत.

४ जानेवारी १९८८

दुपारी बोर्डाजवळ खुर्चीत डोळा लागला. जाग आली ती घुसमटून. तोंडात कापडाची चव. दातांत हिरवा धागा.

गळ्यावर वळ आहे. पार्वतीबाईंनी विचारलं. मफलरचा म्हणालो. मी मफलर वापरत नाही.

त्यांना मी नको आहे का? की त्या दाखवत आहेत, तोंड बांधल्यावर कसं वाटतं ते? मला दुसरं वाटतं. वाटतं म्हणजे, तसंच ठरवलं आहे मी.

८ जानेवारी

भगवानरावांची तार. पंधरा तारखेला निरीक्षक येणार. त्याआधी सही कर नाहीतर ये निघून. दुसरा मेकॅनिक तयार आहे. तो सही करील.

तार फाडली. मी निघून गेलो तर दुसऱ्या दिवशी लाइन तुटेल आणि बायका तीन नंबरमध्ये जेवायला बसतील. दाराला बाहेरून कडी आहे. गाड्यांच्या रांगेकडून कोणी आत येऊ नये म्हणून सुट्टीत ती लावतात. हे मी निरीक्षकांच्या तोंडावर सांगणार. मला बोलता येत नाही, पण एवढं येईल.

दुपारी इशारा. खळग्यांत कोणीतरी वळलं. मी पाहिलं. रुई एका बाजूनं दबली, दुसऱ्या बाजूनं वर आली. झोपेत कूस बदलल्यासारखी.

मी तिथंच बसून राहिलो. उठलो नाही. बसून राहिलो.

११ जानेवारी

प्रेसमधून निघालेल्या गाठी तीन नंबरमध्ये रचायला सुरुवात केली आहे. मधोमध रांगा, मागं भिंतीशी सुटी रुई, दाराशी थोडी मोकळी जागा. मी विरोध केला. दिनकरराव म्हणाले, जागा कंपनीची नाही, गिरणीची आहे.

इशारा आता सुट्टीची वाट बघत नाही. सकाळी. मग पुन्हा. मग पुन्हा. पट्टी सोडायला वर चढलो तर गाठ माझ्या बोटांखाली आवळत होती. मी सोडत होतो, कोणीतरी — नाही. सोडली. शेवटी सोडली मी.

१३ जानेवारी

बायनाबाईनं एक सांगितलं. कापसात खडा आला की रेच्यात ठिणगी उडते. ठिणगी रुईत शिरते आणि रुईबरोबर प्रेसमध्ये दाबली जाते. अशी गठाण बाहेरून काही दाखवत नाही. दिवसेंदिवस आतल्या आत धुमसते. बायका तिला पोटात घेतलेली गठाण म्हणतात.

मी दिनकररावांना म्हणालो, गाठी बाहेर काढा, एकेक हात लावून बघू. ते म्हणाले, निरीक्षक जाऊ द्या मग तुमच्या भुतांना हात लावत बसा.

मी एकटाच पुढच्या रांगेतल्या गाठींना हात लावत गेलो. मागच्या रांगांपर्यंत पोचता येत नाही. थंड. थंड. थंड.

मागून कण्हण्याचा आवाज.

१४ जानेवारी, सुट्टीच्या सुरुवातीला

भगवानराव आले आहेत. त्यांनी स्वतः पक्कड घेऊन तीन नंबरची वायर तोडली. बोर्डाजवळ, माझ्यासमोर. दोघा हमालांनी मला धरलं होतं. सहीसुद्धा त्यांनीच केली. कारण: धूळ. माझा पगार खिशात कोंबला आणि दुपारच्या गाडीनं जा म्हणाले.

मी जाणार नाही. फाटकाबाहेर लिंबाखाली बसलो आहे. तिथून मला कोणी उठवू शकत नाही, ती रेल्वेची जागा आहे. बायकांना तिळगूळ वाटला आहे आणि तीन नंबरमध्ये जेवायला बसवलं आहे. उद्याच्या तपासणीची रंगीत तालीम. आत जाताना बायनाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनंही हलवली. कोणी कडी लावू नये म्हणून तिनं दारात टोपली अडकवून ठेवली आहे.

१४ जानेवारी, दुपार

भोंगा वाजला.

वायर तोडलेली आहे. बोर्डावर दिवा तीनचा. भगवानराव बोर्डासमोर उभे, पक्कड हातात, तोंड उघडं. भोंगा वाजतोच आहे.

बायका बाहेर आल्या. सगळ्या. टोपल्या टाकून, भाकरी टाकून, जसं ठरलं होतं तसं. लिंबाखाली. दिनकरराव ओरडत होते, खोटा आहे, खोटा आहे, परत चला. एकही हलली नाही. बायनाबाई म्हणाली, "तुमी जावा आत. आमी न्हाई जायच्या."

मग ती मला म्हणाली की सगळ्या आल्या. तिनं तोंडं बघून घेतली आहेत.

मनकर्णा म्हणाली, आत कुणीतरी कण्हायलंय.

मी पण ऐकलं.

तीन नंबर

आत आहे. जागेवर लिहायचं असतं म्हणून लिहितो. रिपोर्टाचं पुस्तक त्यांच्याकडे आहे, ह्यावरच लिहितो.

गाठींवर चढून मागं आलो. मधल्या रांगेतली गाठ हाताला पोळते. गाठीच्या लोखंडी पट्ट्यांच्या फटीतून धूर. बारीक, पिवळट. डिटेक्टरवर मुसकं नाही. आज नाही. पहिल्यांदाच नाही.

ओरडून सांगितलं. बायनाबाईनं ऐकलं. बाहेर धावपळ चालू आहे. बंबाला फोन करा म्हणतात. गाड्या हलवतायत, बैल सोडतायत. बरं झालं.

बंबवाले येतील. ह्यावेळी येतील. हे पान कोणी त्यांना दाखवा. इशारा खरा. पहिल्या दिवसापासून खरा. धूळ नाही. सही माझी नाही, ती भगवानरावांची.

दार उघडं आहे. उजेड दिसतो. बायनाबाई हाका मारते, सायेब या, सायेब या

रुईत खळगे आहेत. तीन नाहीत, चार.

चौथा पोट धरून —

तो आवाज मी ओळखतो. डोळे झाकूनही. दवाखान्याच्या दाराबाहेर ऐकला आहे.

ती इथं कशी असेल. तिला उदगीरला पुरलं आहे. मी स्वतः माती दिली. तिचा आगीशी काय — हे मला आत ओढायला असेल. असेल. कळतं मला. तसं असेल तर तसं. पण न बघता खोटं म्हणायचं, ते मी नाही करणार. ते दुसऱ्यांनी केलं.

धूर खाली आला. भोंगा अजून चालू. वाजू दे.

ती गप्प झाली नाही अजून. गप्प व्हायच्या आधी

जागेवर जाऊन, स्वतः

महानंदा, थांब, मी बघून ये